सुग्रीव कंडक्टरची बिनखिडकीची खोली

उमापूरचे सुग्रीव मस्के एस.टी.तून रिटायर होऊन तीन वर्षं झाली, पण गावाच्या लेखी ते अजून कंडक्टरच आहेत. लग्नाच्या पंगतीत कोण आधी बसला आणि कोण नंतर, यावरून बोलाचाली सुरू झाली की लोक त्यांना हाक मारतात. ते येतात, दोन्ही बाजू ऐकतात आणि निकाल देतात. निकाल बरोबरच असतो. एवढा बरोबर असतो की कधीकधी जिंकलेल्यालासुद्धा ओशाळल्यागत होतं. असल्या माणसाशी संसार करणं सोपं नाही आणि विजयमालाबाईंनी तो छत्तीस वर्षं केला आहे, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

त्यांची खरी ख्याती होती ती रुमालाच्या कायद्यामुळं. दुपारची बीड-उमापूर गाडी फलाटाला लागायच्या आधीच माणसं तिला झोंबायची. दार एक आणि चढणारे शंभर. मग ज्याचा हात पोचेल तो बाहेरूनच खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा. रुमाल नसला तर टोपी, पिशवी, कोथिंबिरीची जुडी. एकानं तर एकदा पायातली एक चप्पल आत टाकली होती आणि दुसरी तशीच पायात ठेवून लंगडत दारानं चढला होता. महामंडळाच्या कुठल्याच पुस्तकात या रुमालाचा उल्लेख नाही. काही कंडक्टर सरळ सांगायचे, जो बसला त्याची सीट, रुमाल खिशात घाला. सुग्रीवरावांचं तसं नव्हतं. वस्तू आधी पडली असेल तर सीट वस्तूवाल्याची, मग बसलेला माणूस सरपंच असो की फौजदार. त्यामुळं त्यांच्या गाडीत हाणामारी कधी झाली नाही. लोक त्यांना मानायचे.

आणि याच कायद्यानं घरात एक काटा रुतवून ठेवला. एकोणनव्वद सालची गोष्ट. लग्नाला आठ-दहा दिवस झाले होते. विजयमाला पाटोद्याकडच्या आपल्या माहेरी चार दिवस राहून सासरी परत निघाली होती. तिच्या भावानं मोठ्या हौसेनं तिला बीडच्या स्टँडवर आणून खुद्द दाजींच्याच गाडीत बसवलं. तीही हातभर हिरव्या बांगड्या सावरत खिडकीपाशी बसली. नवराच कंडक्टर म्हटल्यावर भीती कुणाची? तेवढ्यात चकलांब्याचा सटवा नावाचा एक म्हातारा आला आणि म्हणाला, "पोरी, तू बसलीस त्याच्याखाली माजा रुमाल हाय." ती उठली. खरंच खाली एक मळका रुमाल होता. अख्खी गाडी सुग्रीवकडं बघायला लागली. पंचवीस वर्षांचा गडी, अंगावर कोरी खाकी, गळ्यात चामड्याची बॅग. त्यानं बायकोच्या नजरेला नजर दिली नाही. "रुमाल आधीचा हाय," तो म्हणाला. "सीट बाबाची."

विजयमाला बीडपासून उमापूरपर्यंत अडीच तास उभी राहून आली. गाडीत सगळ्यांनी सुग्रीवची वाहवा केली. बायकोलासुद्धा सोडलं न्हाई, काय माणूस हाय, असं लोक पुढं कितीतरी वर्षं सांगत राहिले. सुग्रीवला त्या वेळी छाती फुगल्यासारखं वाटलं होतं. नंतर, जसजसं वय वाढत गेलं, तसतसं ती गोष्ट कुणी काढली की ते विषय बदलायला लागले.

मग आला निरोपाचा समारंभ. डेपोत मांडव, नारळ, शाल, सगळं झालं. साहेबांनी आग्रह केला म्हणून विजयमालाबाई माईकपाशी गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातात माईक आला होता. त्या म्हणाल्या, "माणूस लई चांगला हाय. पन चौतीस वर्षं एस.टी.त काढली अन् मला एकदाबी खिडकीची जागा दिली न्हाई." मांडवात असा हशा पिकला की साहेबांच्या हातातला चहा सांडला. सुग्रीवरावही हसले. पण ते वाक्य त्यांना लागलं ते लागलंच. त्या रात्री त्यांनी मनाशी ठरवलं की मरायच्या आधी या बाईला एक खिडकी द्यायची. अशी खिडकी, जिथं कुणाच्या बापाचा रुमाल पडलेला नसेल.

खिडकी कुठली, हे ठरायला तीन वर्षं गेली. विमानाचं मनात आलं होतं, पण विमानाची खिडकी तास-दीड तासाची. आगगाडीत तर शेजारच्याचं लेकरू येऊन मांडीवर बसतं. शेवटी पुण्यात असलेल्या त्यांच्या लेकीनं, करिष्मानं, फोनवर एक व्हिडिओ पाठवला. प्रवासी जहाज. मुंबईहून निघतं, गोव्याला जातं आणि तिसऱ्या दिवशी परत आणून सोडतं. आत खोल्या, खोलीला स्वतःची बाल्कनी, बाल्कनीत दोन खुर्च्या आणि समोर समुद्र. सुग्रीवरावांनी तो व्हिडिओ अकरा वेळा बघितला. विजयमालाबाईंनी समुद्र पाहिलेला नव्हता. मुंबईला त्या एकदा गेल्या होत्या, पण ते दवाखान्यात कुणाला तरी बघायला, आणि दवाखान्याच्या खिडकीतून दुसरा दवाखाना दिसत होता.

बीडला बसस्थानकासमोर सत्यमचं यात्रा कंपनीचं दुकान आहे. सत्यम म्हणजे चाळिशीचा, पोट सुटलेला, बोलायला गोड माणूस. तिरुपती आणि चारधाम त्याच्या तोंडपाठ, पण जहाजाचं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच मिळालं होतं. त्यानं नवराबायकोला चहा पाजला आणि कॉम्प्युटरवर जहाजाचा नकाशा काढला. नकाशा बघून सुग्रीवरावांना बरं वाटलं. तो थेट रिझर्वेशनच्या चार्टसारखा होता, फक्त गाडी अकरा मजली होती.

"तीन परकारच्या खोल्या हायत, काका," सत्यम म्हणाला. "बाल्कनीची, नुसत्या खिडकीची, अन् ही मधली, आतली. आतलीला खिडकीच न्हाई. दिवा बंद केला की सकाळ झाली का दुपार, काय कळायचं न्हाई. सगळ्यात स्वस्त."

"बाल्कनीची," सुग्रीवराव म्हणाले. त्यांना दुसरं काही ऐकायचंच नव्हतं.

विजयमालाबाई मात्र नकाशावर वाकून बघत होत्या. "ह्या आतल्या खोलीत मानसं किती मावत्यात?"

"तीन, काकू. भिताडातून वरचा एक पलंग निगतो. गाडीतल्या बर्थगत."

"अन् बाल्कनीच्या पैशात?"

सत्यमनं बघितलं. बाल्कनीत दोघांना जेवढे लागत होते, त्यात आतल्या खोलीत तिघं जाऊन वर जाण्यायेण्याचं भाडंही सुटत होतं.

"मग आतलीच द्या," विजयमालाबाई म्हणाल्या. "बाईंना घेऊन जाऊ."

बाई म्हणजे चतुराबाई. सुग्रीवरावांच्या थोरल्या भावाच्या मागं राहिलेल्या त्यांच्या वहिनी, वय सत्तरच्या पुढं. त्यांना मूलबाळ नाही. एकाच घरात, एकाच चुलीवर दोघी जावांनी जन्म काढलेला. सुग्रीवरावांना वहिनी परक्या नव्हत्या, आईच्या जागी होत्या. पण या एका गोष्टीत त्यांना मध्ये कुणीही नको होतं. ते म्हणाले, "वहिनीला पुढच्या वक्ताला नेऊ."

"पुढचा वक्त कवा येनार?" विजयमालाबाई एवढंच बोलल्या.

परतीच्या गाडीत पाडळशिंगी मागं पडल्यावर सुग्रीवरावांना राहवलं नाही. "मी तुला खिडकी द्यायला निगालो अन् तू भिताड घेऊन बसली. कावून असं?"

विजयमालाबाईंनी पदर नीट केला. "तुमी मुक्कामी गाडीवर असायचे," त्या म्हणाल्या. "महिन्यातल्या पंधरा राती तुमी कुटं तरी दुसऱ्या गावाला. करिष्माला फणफणून ताप आला तवा घरात कोन हुतं? बाई. मी बाळंतीन हुते तवा इहिरीवरून पानी कुनी आनलं? बाईनं. मी एकटी समिंदर बघून आले अन् बाईला सांगत बसले, तर मला ते सांगू वाटंल का?"

मुक्कामी गाडी म्हणजे काय, ते सुग्रीवरावांइतकं कुणाला ठाऊक? संध्याकाळी शेवटच्या गावाला गाडी न्यायची, तिथंच झोपायचं आणि सकाळी पहिली फेरी घेऊन परत यायचं. त्या असंख्य रात्री त्यांनी देवळाच्या ओट्यांवर घरची काळजी न करता काढल्या होत्या, कारण घरात वहिनी होत्या. हे त्यांना कळत होतं. तरी आत कुठं तरी एक शंका वळवळत होतीच. बायकोला खिडकी नकोच असेल तर? छत्तीस वर्षं जपलेलं गाऱ्हाणं तिला असं एका फेरीत मिटवून टाकायचं नसेल तर?

म्हणून दोन दिवसांनी ते कुणाला न सांगता एकटेच बीडला गेले. सत्यमला म्हणाले, आम्हा दोघांना बाल्कनीची दे आणि वहिनींना वेगळी आतली. पैसे लागतील तेवढे लागू दे. सत्यमनं त्यांना आतल्या खोलीचा फोटो दाखवला. खोली लहान होती, पण स्वच्छ. पांढऱ्या चादरी, आरसा, आणि समोरच्या भिंतीवर चक्क पडदा.

"खिडकी न्हाई तर पडदा कावून लावलाय?" सुग्रीवराव भडकले.

"शोभंसाठी, काका."

त्यांनी तो फोटो बराच वेळ न्याहाळला. त्या खोलीत, त्या खोट्या पडद्यासमोर पलंगावर एकट्या बसलेल्या वहिनी त्यांना दिसल्या. चतुराबाई जन्मात कधी एकट्या खोलीत झोपल्या नव्हत्या. आधी बहिणी, मग सासू, मग जाऊ, मग जावेची लेक. आणि आपण तिला समुद्रात नेऊन अंधारात एकटीला कोंडायचं, ते बायकोला आपला मोठेपणा दाखवायला. सुग्रीवरावांना स्वतःची लाज वाटली. "राहू दे," ते म्हणाले. "तिघांची एकच राहू दे." आणि पुढच्या गाडीनं ते घरी आले.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. त्यांच्याच गाडीवर पंधरा वर्षं ड्रायव्हर असलेला बजरंग पारावर सगळ्यांसमोर म्हणाला, "आरं सुग्रीव, समिंदर बघायला चालला अन् बिनखिडकीची खोली घेतली? पैसे भरून तळघरात झोपतो का बे?" लोक हसले. घरी येता येता सुग्रीवरावांनी आपली पुढची योजना पक्की केली. खोलीला खिडकी नाही तर नाही. जहाजाला गच्ची आहे, गच्चीवर खुर्च्या आहेत, आणि खुर्ची कशी धरायची ते सुग्रीव मस्क्याला कुणी शिकवायला नको. कठड्यालगतची पहिली खुर्ची विजयमालाची. त्यांनी पांढरा, इस्त्रीचा, कोरा रुमाल काढून बॅगेत सगळ्यात वर ठेवला.

जहाज बघितलं तेव्हा चतुराबाई अर्धा मिनिट मान वर करून उभ्या राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "भाऊजी, एवढ्या मोठ्या गाडीला बेल कोन देतं?" सुग्रीवरावांनी सांगितलं की बेल नसते, भोंगा असतो. "किती येळा?" हे मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं.

खोली सातव्या मजल्यावर होती. लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना एकसारखी दारं. आत गेल्यावर चतुराबाई सरळ त्या पडद्यापाशी गेल्या, तो सरकवला, मागची भिंत बघितली, हात लावून बघितला आणि पडदा पुन्हा नीट लावला. "असू द्या," त्या म्हणाल्या. "शिवलाय चांगला." वरच्या पलंगावर कोण चढणार हा प्रश्नच नव्हता. एस.टी.च्या टपावर शिडीनं चढून गाठोडी, सायकली, एकदा तर जिवंत बोकड उतरवलेला माणूस, एकसष्टाव्या वर्षीही तो तीन पावलांत वर गेला. वरून त्यांना खाली दोन्ही जावा दिसत होत्या. त्या गाद्या दाबून बघत होत्या आणि माहेरी आलेल्या पोरींसारख्या हसत होत्या. खोली लहान आहे, बंद आहे, याचं त्या दोघींना काहीसुद्धा वाटत नव्हतं. ते बघून सुग्रीवरावांचा अर्धा राग गेला.

गेलेला अर्धा संध्याकाळी परत आला. जहाज सुटताना सगळे गच्चीवर गेले. कठड्यापाशी माणसांच्या तीन रांगा होत्या, सगळ्यांचे हात मोबाइल धरून वर. विजयमालाबाईंनी जन्मातला पहिला समुद्र बघितला तो टाचा उंचावून, एका जाड्या माणसाच्या खांद्यावरून. त्यांना तेवढंही पुरलं. "किती हाय हो," त्या म्हणत राहिल्या. पण सुग्रीवराव समुद्राकडं बघतच नव्हते. इथंही ही उभीच, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत होतं. जेवणातही त्यांचं मन लागलं नाही. चतुराबाईंनी मात्र दोनदा गोड घेतलं.

बिनखिडकीच्या खोलीत सकाळ कळत नाही असं सत्यम म्हणाला होता, कारण सत्यमला चतुराबाई ठाऊक नव्हत्या. पन्नास वर्षं म्हशीच्या धारा काढलेली बाई, तिला जाग यायला उजेड लागत नाही. "भाऊजी, उटा. साडेचार झाले," असा आवाज आला. सुग्रीवरावांनी मोबाइल बघितला. साडेचारच झाले होते, वर दोन मिनिटं. तिघांनी अंघोळी उरकल्या. बाथरूमचा नळ कसा फिरवायचा हे कळायला थोडा वेळ गेला, पण कळलं. मग "मी आलोच, तुमी हितंच थांबा," असं सांगून सुग्रीवराव रुमाल घेऊन वर गेले.

वर अजून कुणीच नव्हतं. वारा चांगलाच होता. पूर्वेच्या अंगाला, कठड्याला लागून निळ्या खुर्च्यांची रांग होती. सुग्रीवरावांनी पहिल्या खुर्चीवर पांढरा रुमाल अंथरला, तो उडू नये म्हणून चारही टोकं दाबून खोचली. दुसऱ्या खुर्चीवर वहिनींसाठी टॉवेल, तिसरीवर स्वतःची टोपी. दोन पावलं मागं सरून त्यांनी एकदा सगळं बघून घेतलं. छत्तीस वर्षांनी का होईना, रुमाल आज तिच्या बाजूनं पडला होता. ते खुशीत खाली निघाले.

आणि चुकले. गेवराई तालुक्यातले सगळे थांबे ज्याला पाठ, डोळे मिटून वळणावरून गाव सांगणारा तो माणूस जहाजाच्या बोळात हरवला. मजला चुकला की बोळ तोच, दारं तीच, गालिचाही तोच. त्यांनी एका दारावर थाप मारली तर आतून झोपमोड झालेला भलताच माणूस बाहेर आला. लिफ्टनं वर गेले, परत खाली आले. अर्ध्या तासानं बोळाच्या टोकाला त्यांना चतुराबाई दिसल्या. त्या दाराबाहेर येऊन, कमरेवर हात ठेवून वाट बघत उभ्या होत्या. "भाऊजी, कुटं गेलते?" त्यांनी विचारलं. सुग्रीवराव म्हणाले, "जागा धरायला गेलतो. चला लवकर."

तिघं वर पोचले तेव्हा आभाळ तांबडं व्हायला लागलं होतं आणि पहिल्या तिन्ही खुर्च्या भरलेल्या होत्या. एक नवराबायको आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी, तिघं शाल गुंडाळून कॉफी पीत बसली होती. बाकीची रांगही भरली होती. रुमाल नव्हता, टॉवेल नव्हता, टोपी नव्हती.

"ही सीट धरलेली हाय," सुग्रीवराव म्हणाले. आवाज आपोआप ड्युटीवरचा निघाला. "हितं रुमाल ठेवला हुता."

ती माणसं गोंधळून एकमेकांकडं बघायला लागली. तेवढ्यात पांढऱ्या कपड्यांतला जहाजाचा एक कर्मचारी पुढं आला. रत्नागिरीकडचा असावा, मराठी चांगलं होतं. "काका, तुमच्या वस्तू काउंटरवर नीट ठेवल्यात," तो अदबीनं म्हणाला. "इथं वस्तू ठेवून जागा धरता येत नाही. जो येऊन बसेल त्याची खुर्ची. नियम आहे."

नियम म्हटल्यावर सुग्रीवराव जागच्या जागी थांबले. जन्मभर त्यांनी या एका शब्दावर माणसं गप्प केली होती. "लिहिलेला हाय का?" त्यांनी विचारलं.

कर्मचाऱ्यानं बोट दाखवलं. कठड्याजवळच्या खांबावर पाटी होती. इंग्रजीत, हिंदीत, स्वच्छ अक्षरांत. सुग्रीवरावांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग ते खुर्च्यांपासून लांब, कठड्याच्या मोकळ्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. दोघी जावा त्यांच्या मागं गेल्या.

"विजे," सुग्रीवराव समुद्राकडं बघत म्हणाले. वहिनींसमोर त्यांनी बायकोला अशी नावानं हाक कधी मारली नव्हती. "मी तुला त्या दिवशी उटवलं ना, ते कुटंच लिहिलेलं नव्हतं. माजाच कायदा हुता तो. मी म्हनलो असतो तर तू बसली असती. माजं चुकलं."

चतुराबाईंनी काही ऐकलंच नाही असं दाखवून तोंड दुसरीकडं फिरवलं.

विजयमालाबाई हसल्या. आधी पदराआड, मग मोकळ्या. "म्हंजी ही खिडकी खिडकी तुमी त्याच्यासाटी लावली हुती? मला वाटलं तुमालाच हौस."

"तू माईकवर बोलली हुतीस."

"लोकं हसावीत म्हनून बोलले. माईक हातात दिल्यावर काय तरी बोलायला पायजे का न्हाई? तुमी एवढं मनाला लावून घ्याल हे मला काय ठावं?" त्या जरा थांबल्या. वाऱ्यानं पदर सारखा उडत होता, तो त्यांनी हातात गुंडाळला. "आवो, लगीन झालं तवा मी तुमचं तोंडबी नीट बघितलं नव्हतं. मांडवात मान खाली. घरात पाव्हने, तुमी ड्युटीवर. त्या दिवशी बीडपासून उमापूरपस्तोर मी तुमालाच बघत आले. एका म्हातारीचं तिकीट हरवलं, तर तुमी वरडला न्हाईत, वाकून सीटाखालून हुडकून दिलं. पाडळशिंगीला एक बाई तान्हं लेकरू घेऊन चढली. तिला तुमी सवताची जागा दिली अन् उभं राहून तिकिटं फाडली. मी तितंच उभी. मला दिली न्हाई, तिला दिली. राग आला हुता. पन तवाच वाटलं, ह्या मानसापाशी कुनाचं वाईट हुनार न्हाई, तर माजं बी हुनार न्हाई. माहेर सुटल्याची भीती उमापूर यायच्या आदीच गेली. खिडकीत बसले असते तर काय, नुसत्या बाभळी बघितल्या असत्या."

एवढी वर्षं जिला आपण शिक्षा दिली असं सुग्रीवरावांना वाटत होतं, तिला त्या दिवशी नवरा मिळाला होता, आणि ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"पाय मात्र लई दुखले हुते," विजयमालाबाई म्हणाल्या. "ते काय खोटं न्हाई."

तेवढ्यात लांब किनाऱ्यावरच्या डोंगरांच्या मागून सूर्य वर आला. चतुराबाईंनी हात जोडले. पाण्यावर कठड्यापर्यंत लाल पट्टा उमटला आणि गच्चीवरचे सगळे उठून कठड्याकडं धावले. खुर्च्या सगळ्या रिकाम्या झाल्या. मघाची ती कॉलेजातली मुलगी विजयमालाबाईंपाशी आली आणि म्हणाली, "आजी, तुम्ही बसा ना आमच्या खुर्चीवर." त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "नगं बाय. बसल्यावर कठडा आडवा येतो. हितून चांगलं दिसतं."

सुग्रीवराव काउंटरवर जाऊन आपल्या वस्तू घेऊन आले. टॉवेल खांद्यावर टाकला, टोपी डोक्यावर घातली. रुमाल हातातच राहिला. इस्त्री मोडली होती, पण अजून पांढरा स्वच्छ होता. तो कुठं ठेवावा या विचारात ते उभे असताना विजयमालाबाईंनी हात पुढं केला.

"आना तो हिकडं," त्या म्हणाल्या. "वारं लई हाय." आणि त्यांनी रुमाल तिकोनी करून कानांवरून घेतला, हनुवटीखाली गाठ मारली आणि नवऱ्याच्या अन् जावेच्या मधे कठड्याला धरून उभ्या राहिल्या.